शास्त्रीय शब्दांची फोड



मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत आलेला विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांत हबकतो. विषय अवघड असतो म्हणून नव्हे, तर इंग्रजी शब्द अनोळखी असतात म्हणून. मग तो शब्दांच्या याद्या पाठ करू लागतो. परीक्षा संपली की त्या विसरल्या जातात. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे शब्दांची फोड करणे.

भूगोलात तुम्ही समताप रेषा व समभार रेषा शिकला आहात. 'सम' म्हणजे सारखा हे ठाऊक असल्यामुळे त्यांचा अर्थ पाठ करावा लागला नाही. इंग्रजीत या रेषांना आयसोथर्म व आयसोबार म्हणतात. ग्रीक भाषेत 'इसॉस' म्हणजे समान, 'थर्मे' म्हणजे उष्णता आणि 'बारोस' म्हणजे भार. यांना 'मेट्रॉन' म्हणजे माप हा शब्द जोडला, की थर्मामीटर व बॅरोमीटर यांचाही उलगडा होतो. आता 'टोपोस' म्हणजे स्थान, एवढेच सांगतो. आयसोटोप म्हणजे काय? बरोबर, समस्थानिक! वस्तुमान भिन्न असले तरी आवर्तसारणीत एकाच स्थानी बसणारे अणू.

आपल्याला ग्रीक कोठे येते, असे म्हणून निराश होऊ नका. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. त्यालाही ग्रीक येत नव्हते. विद्युत्-विच्छेदनावरील प्रयोगांसाठी नवे शब्द हवे होते, तेव्हा १८३४ मध्ये त्याने केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्राने विचारले. ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द त्यातून मिळाले. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी वाट आणि आयन म्हणजे जाणारा. विचारण्यात फॅरेडेला कमीपणा वाटला नाही. तुम्हालाही वाटू नये.

मात्र एक सावधगिरी बाळगा. शब्दाची फोड म्हणजे व्याख्या नव्हे. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशा समजुतीने लव्हाझिए याने ते नाव दिले. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे स्पष्ट झाले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र टिकले. म्हणून फोडीवरून अर्थाचा अंदाज करावा आणि तो पाठ्यपुस्तकातील व्याख्येशी ताडून पाहावा.

आजच एक वही करा. प्रत्येक पानावर एकच मूळ शब्द लिहा, त्याखाली त्याचा अर्थ, आणि अभ्यासात भेटतील तसे त्या कुळातील शब्द मांडत जा. शेजारी मराठी प्रतिशब्दही लिहा. पहिल्या पानासाठी 'स्कोप' घ्या. त्याचा संबंध पाहण्याशी आहे. दूरदर्शक आणि सूक्ष्मदर्शक यांना इंग्रजीत काय म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पान कोरे राहणार नाही!