समुद्राचे अदृश्य सफाईकामगार

मुलांनो, ताटाला लागलेले तूप नुसत्या पाण्याने निघत नाही, हे तुम्ही घरी पाहिले असेल. मग भर समुद्रात जहाजातून कोट्यवधी लीटर तेल सांडले, तर ते कोण साफ करणार?

२४ मार्च १९८९. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या किनाऱ्याजवळ ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ नावाचे तेलवाहू जहाज पाण्याखालच्या खडकावर आदळले. त्याच्या टाक्या फुटल्या आणि सुमारे ४ कोटी लीटर कच्चे तेल समुद्रात सांडले. वाऱ्याने व लाटांनी ते शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर पसरले. दगड काळे झाले. पक्ष्यांची पिसे तेलाने चिकटली. त्यांना उडता येईना, अंगात ऊबही राहीना. सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मेले असावेत, असा अंदाज आहे. मासेमारी बंद पडली आणि कोळ्यांच्या घरी चिंता पसरली.

हजारो माणसे सफाईच्या कामाला लागली. गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून दगड धुतले गेले. तेल निघाले; पण दगडांवरचे शेवाळ आणि शिंपलेही त्या पाण्याने मेले. म्हणून शास्त्रज्ञांनी आणखी एक उपाय करून पाहिला.

समुद्रात काही जीवाणू असे आहेत, की तेल हेच त्यांचे अन्न! ते डोळ्यांना दिसत नाहीत. समुद्राच्या तळातून काही ठिकाणी तेल आपोआप झिरपत असते. त्यावर हे जीवाणू फार प्राचीन काळापासून जगत आले आहेत. तेलात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात. जीवाणू ऑक्सिजनच्या मदतीने तेलाचे विघटन करतात. शेवटी त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होते.

मग ते अलास्कात हे काम भराभर का करत नव्हते? नुसती साखर खाऊन मूल वाढेल का? नाही. तसेच जीवाणूंचे आहे. वाढीसाठी त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतात. तेलात ते पुरेसे नसतात आणि समुद्राच्या पाण्यातही ते थोडेच असतात. शेतकरी पिकाला खत घालतो, तसे शास्त्रज्ञांनी किनाऱ्याच्या काही भागावर खत टाकले. दोन-तीन आठवड्यांत तिथले दगड स्वच्छ दिसू लागले. शेजारचे खत न टाकलेले दगड मात्र काळेच होते. जीवाणू बाहेरून आणावे लागले नाहीत. ते तिथेच होते; त्यांना फक्त मदत हवी होती.

पण मुलांनो, हे जीवाणू म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्यांना वेळ लागतो. थंडीत त्यांचे काम मंदावते. डांबरासारखा घट्ट भाग त्यांना सहज पचत नाही. वाळूखाली गाडलेल्या तेलापर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. म्हणूनच अलास्काच्या काही किनाऱ्यांवर दगड उकरल्यावर वीस वर्षांनंतरही तेल सापडले. शिवाय तेलाने माखलेल्या पक्ष्याला जीवाणू वाचवू शकत नाहीत. त्याच्याजवळ तेवढा वेळ नसतो.

असे संकट आपल्यापासून दूर नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले आणि किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत जाऊन पोहोचले.

निसर्ग आपली घाण साफ करतो, हे खरे. पण त्याच्यावर किती ओझे टाकायचे, हे आपल्या हातात आहे. सांडलेले तेल पुसण्यापेक्षा ते सांडू न देणे केव्हाही चांगले.

शब्दार्थ
अदृश्य – न दिसणारे
ऊब – उष्णता
झिरपणे – हळूहळू पाझरणे
विघटन – तुकडे होऊन वेगळे होणे
खारफुटी – खाडीच्या चिखलात वाढणारी झाडे

स्वाध्याय
१. गरम पाण्याच्या फवाऱ्यांमुळे कोणते नुकसान झाले?
२. शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर खत का टाकले?
३. ‘जीवाणू म्हणजे जादूची कांडी नव्हे’, असे लेखक का म्हणतो?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वच्छ, गरम, प्राचीन, दूर.