घुबडाच्या पोटात

आमच्या खैरलांजीच्या (जि. बालाघाट) घरी धानाच्या कोठीवर, आढ्याजवळच्या भोकात गव्हाणी घुबडांची जोडी राहते. गेल्या दिवाळीत मोठेबाबांनी ते भोक बुजवण्यासाठी गवंडी बोलावला. घरात घुबड म्हणजे अवदसा, हा जुनाच समज. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि कोठीखाली पडलेल्या काळसर गोळ्या वेचल्या.

या गोळ्या म्हणजे विष्ठा नव्हे. त्या जठरात तयार होतात व तोंडावाटे बाहेर पडतात. घुबडाला अन्नपुट नसते. गिळलेला उंदीर अन्ननलिकेतून सरळ जठरात येतो. जठराचा पहिला भाग ग्रंथिल. त्याच्या भिंतीत संयुक्त ग्रंथी दाटीने बसलेल्या असतात. मौज अशी, की आपल्या जठरात आम्ल एक पेशी स्रवते आणि पेप्सिनचे पूर्वद्रव्य दुसरी. पक्ष्यांत एकच पेशी दोन्ही कामे उरकते.

दुसरा भाग पेषणी. कोंबडीची पेषणी आपण प्रयोगशाळेत पाहिलीच आहे : जाड तांबडे स्नायू आणि आत कोइलिनचे पिवळे, चिवट अस्तर. नलिकाकार ग्रंथींचा स्राव थिजून ते बनते. कोंबडीला दाणे दळायचे असतात. घुबडाची पेषणी मात्र पातळ भिंतीची, पिशवीसारखी. तेथे मांस विरघळते. केस आणि हाडे उरतात. जठरनिर्गम अरुंद असल्याने ती आतड्यात उतरत नाहीत. पेषणीच्या आकुंचनाने त्यांची गोळी वळली जाते, ती वर ग्रंथिल जठरात सरकते आणि काही तासांनी बाहेर टाकली जाते. ससाणे-गरुडांच्या जठररसाचा सामू १.६ च्या आसपास, तर घुबडाचा सुमारे २.३. आम्ल सौम्य, म्हणून हाडे शाबूत राहतात. ससाण्याच्या गोळीत उंदीर मोजायला बसणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही!

घुबडाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याचे विच्छेदन आपल्याला करता येत नाही. गोळी मात्र कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवता येते. पहिल्याच गोळीत तीन कवट्या निघाल्या. दोन उंदरांच्या, पटाशीचे दात नारिंगी. तिसरी लांब, निमुळती, ती चिचुंद्रीची.

साऱ्या कवट्या वर्तमानपत्रावर मांडल्या. मोठेबाबा चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"हे सारे आपल्या कोठीतले?"

"कोठीतले, आणि बांधावरचेही."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. मोठेबाबांनी त्याला न्हाणीचा ओटा दुरुस्त करायला लावले. भोक तसेच आहे.