थेंबांचा हिशेब

डोपामीन हे औषध हृदयाच्या आकुंचनास बळ देते व खालावलेला रक्तदाब सावरते. परंतु त्याची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार, मिनिटामिनिटाला मोजून द्यावी लागते. समजा, ६० किलोग्रॅम वजनाच्या रुग्णास दर किलोग्रॅममागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यावयाचे आहेत. म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, अर्थात तासाला १८ मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅम औषध घालून सलाइन एकूण २५० मिलिलिटर केले, तर एका मिलिलिटरात ०.८ मिलिग्रॅम औषध येते. तेव्हा तासाला २२.५ मिलिलिटर सोडावे लागेल.

येथवरचे गणित शाळकरी आहे. खरा धोका सलाइनच्या नळीत असतो. सूक्ष्म थेंबांच्या नळीत ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणून मिनिटाला २२-२३ थेंब बरोबर ठरतात. साध्या नळीत मात्र बहुधा २० थेंबांतच मिलिलिटर भरतो. तिच्यातून तेच २२ थेंब सोडले, तर जवळजवळ तिप्पट औषध जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून थेंब मोजण्याआधी नळीचे वेष्टन वाचावे.

औषधाचा परिणाम काही मिनिटांतच दिसतो व तितक्याच लवकर ओसरतो. मात्रा थोडीथोडी बदलावी, दर वेळी रक्तदाब पाहावा. आणि बाटली संपण्यापूर्वी दुसरी तयार ठेवावी.