आमटीतलं मीठ आणि शरीरातले पहारेकरी



मागे आमच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस द्यायला आरोग्य पथक आलं होतं. एका पालकांनी मला मोबाइलवरचा मेसेज दाखवला. "मॅडम, प्रदूषणामुळे लस नीट लागू पडत नाही म्हणे. मग पोराला उगाच सुई का टोचायची?" मेसेज पूर्ण खोटा नव्हता, अर्धा खरा होता. आणि अर्धं खरंच जास्त घोळ करतं. त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. आज ते उत्तर सविस्तर पाहू या.

टिकाऊ प्रदूषकं म्हणजे काय?

काही रसायनं लवकर विघटित होत नाहीत. माती, पाणी, मासे, दूध असा प्रवास करत ती आपल्या शरीरात येतात आणि मुक्काम ठोकतात. डीडीटी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी, प्लास्टिक-कचरा जाळताना तयार होणारी डायॉक्सिनं ही त्यांतली ओळखीची नावं. ही चरबीत साठतात. नॉनस्टिक लेप, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांसाठी वापरलेली 'पीफास' रसायनं मात्र रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात. शरीरात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायला सुमारे ७ ते ११ वर्षं लागतात. म्हणजे पहिलीतलं मूल तोवर आठवी ते बारावीत पोचलेलं असतं!

प्रश्न मिश्रणाचा आहे

घरात आमटी उकळत असते. आई चिमूटभर मीठ टाकते. काकू येते, तीही टाकते. आजीला वाटतं, कुणी टाकलंच नसेल, म्हणून तीही टाकते. प्रत्येकीचं म्हणणं खरं असतं, "मी चिमूटभरच टाकलं." पण आमटी खारट झालेली असते.

रसायनांची सुरक्षित मर्यादा बहुतेक वेळा एकेका रसायनासाठी वेगळी ठरवली जाते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मात्र ती सगळी एकत्रच भेटतात. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बी पेशी प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी बनवतात, टी पेशी हुकूम देतात आणि लढतात, 'नॅचरल किलर' पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. या पेशींमध्ये एक कुलूप असतं, त्यात डायॉक्सिन आणि काही पीसीबी किल्लीसारखी बसतात. पीफासचा परिणाम वेगळ्या वाटांनी होतो. म्हणजे एकाच पहारेकऱ्याला अनेक बाजूंनी धक्के. काही वेळा परिणामांची बेरीज होते, तर काही वेळा एक रसायन दुसऱ्याची जागा अडवतं. म्हणूनच शास्त्रज्ञ आता माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांवर एकेक रसायन नव्हे, तर मिश्रणंच तपासून पाहतात.

सीलवर झालेला प्रयोग

१९८८ मध्ये उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर एका विषाणूच्या साथीत हजारो सील मेले. प्रदूषणामुळे त्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी झाली होती का, हा प्रश्न पडला. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या वर्षांत २२ तरुण सील घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला अटलांटिक महासागरातले, तुलनेने स्वच्छ हेरिंग मासे दिले. दुसऱ्याला प्रदूषित बाल्टिक समुद्रातले हेरिंग दिले. हे मासे माणसांच्या बाजारासाठीच पकडलेले होते. अडीच वर्षं हा आहार चालला. बाल्टिक मासे खाणाऱ्या सीलच्या नॅचरल किलर पेशींचं काम मंदावलं आणि टी पेशींचा प्रतिसादही कमी झाला. लक्षात घ्या, इथे कुणी एक रसायन पाजलं नव्हतं. माशातून जे मिश्रण यायचं, तेच आलं.

आणि मुलांचं काय?

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये फॅरो बेटं आहेत. तिथे पायलट व्हेल खाण्याची जुनी प्रथा. काही घरांत हे मांस जास्त, काही घरांत कमी, बाकी राहणीमान बरंचसं सारखं. फिलिप ग्राँजाँ, पॉल वाइहे आणि सहकाऱ्यांनी १९९७ ते २००० दरम्यान जन्मलेल्या ५८७ मुलांचा अभ्यास केला. त्यांनी धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीनंतरची प्रतिपिंडं मोजली. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे: सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्या आणि उत्तरं तपासा. लस ही पहारेकऱ्यांची प्रश्नपत्रिकाच.

२०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी रक्तात मुख्य पीफास दुप्पट असतील, तर सातव्या वर्षी एकूण प्रतिपिंडं जवळपास निम्मी आढळली. याच बेटांवर पीसीबीचाही लशीच्या प्रतिसादाशी असाच संबंध दिसला होता. हे निरीक्षण आहे, सीलसारखा प्रयोग नाही. मुलांवर असा प्रयोग करणार तरी कोण? पण दोन्हींची दिशा एकच आहे.

२०२० मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने चार पीफास रसायनांची मिळून एकच मर्यादा ठरवली: आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅम. आधार होता मुलांमधला लशीचा कमी झालेला प्रतिसाद. म्हणजे 'कुणी किती मीठ टाकलं' हे सोडून 'आमटीत एकूण किती आहे' हे मोजलं गेलं.

मग त्या पालकांना काय सांगायचं?

पहारेकरी थकलेला असेल, तर त्याची शिट्टी काढून घ्यायची की त्याला जास्त तयार करायचं? प्रतिपिंडं कमी बनू शकतात, म्हणूनच एकही डोस चुकवायचा नाही. ५-६ वर्षांचा डीपीटी बूस्टर, १० आणि १६ वर्षांची टीडी, सगळं वेळेवर. निम्मी प्रतिपिंडं ही शून्यापेक्षा केव्हाही बरी. आणखी एक. ही रसायनं आईच्या दुधातही उतरतात, हे ऐकून काही माता घाबरतात. तरीही जागतिक आरोग्य संघटना स्तनपानाचाच सल्ला देते, कारण त्याचे फायदे फार मोठे आहेत.

आता माझी कबुली. कित्येक वर्षं परिसर स्वच्छता झाली की आम्ही शाळेमागे कचऱ्याचा ढीग पेटवायचो. त्यात पिशव्या, वेष्टनं, तुटके पाइप सगळं असायचं, आणि मुलं गोल करून बघत उभी राहायची. पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक असं जळतं तेव्हा डायॉक्सिन तयार होतं, हे मला माहीतच नव्हतं. आता प्लास्टिक वेगळं पोत्यात भरून ठेवतो आणि पालापाचोळा खतखड्ड्यात जातो. समुद्रातलं पीसीबी आपण काढू शकत नाही, पण आपल्याकडची चिमूट तर थांबवू शकतो ना?

वर्गात करून पाहा

पिण्याच्या पाण्याचे पाच ग्लास घ्या. प्रत्येकात मिठाचे अगदी थोडे दाणे टाका आणि मुलांना चव घ्यायला सांगा. बहुतेकांना खारट लागणार नाही. मग पाच ग्लासांत टाकलं तेवढं सगळं मीठ एकाच ग्लासात टाका आणि पुन्हा चव घ्यायला सांगा. शेवटी हे जरूर सांगा, की खऱ्या प्रदूषकांची चवही लागत नाही आणि ती एकसारखीही नसतात.

ते पालक पुन्हा भेटले, की मी हे सगळं त्यांना सांगणार आहे. तुम्हीही सांगा.