अभय आणि अहिंसा : एका शंकेचे समाधान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात श्रीकृष्ण चक्रवर्तींनी दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत. पहिल्या तीन श्लोकांत ही गणना पूर्ण होते. तिच्या आरंभी ‘अभय’ आहे, दहाव्या स्थानी ‘अहिंसा’ आहे आणि शेवटी ‘नातिमानिता’, म्हणजे स्वतःच्या थोरवीचा ताठा नसणे, हा गुण आहे. यांपैकी पहिल्या व दहाव्या गुणाचा परस्परसंबंध या पाठात पाहावयाचा आहे.

शंका अशी की, निर्भय पुरुष म्हटला म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे वीर उभा राहतो. वीराच्या हाती शस्त्र असते. मग शस्त्र धरणाऱ्याचे अभय आणि मुंगीलाही न दुखविणाऱ्याची अहिंसा एकाच संपत्तीत कशी नांदतील?

ही शंका सोडविण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्याचे उदाहरण घेता येईल. विशाळगडाच्या वाटेवर गजापूरजवळ जी खिंड आहे, ती पूर्वी घोडखिंड म्हणून ओळखली जाई. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरचा पन्हाळ्यास वेढा असता शिवाजी महाराज रात्री गडावरून निघाले. आषाढाचा पाऊस होता, शत्रूची फौज पाठीवर होती. बाजीप्रभू देशपांडे यांनी बांदलांच्या मावळ्यांसह ही खिंड अडविली. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले; बाजीप्रभू मात्र तेथेच पडले. पुढे त्या स्थानास पावनखिंड हे नाव रूढ झाले.

आता याच्या शेजारी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची एक लीळा ठेवावी. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात ती आली आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा जिवाच्या भयाने धावत आला आणि स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. मागोमाग पारधी आले व ससा सोडावा म्हणून विनवू लागले. आश्रयास आलेल्या जीवाला मृत्यूच्या हाती देता येत नाही, हे स्वामींनी त्यांना सांगितले. आणि अरण्यातील निरपराध जीव का मारावा, याचा विचारही त्यांच्यापुढे ठेवला.

दोन्ही प्रसंगांचा सांगाडा एकच आहे. कोणाचा तरी पाठलाग होत आहे, आणि पाठलाग करणारा व ज्याचा पाठलाग होतो तो, यांच्या मध्ये कोणी तरी ठाम राहिला आहे. मध्ये राहणाऱ्याने तेथून हलावयाचे नाही, हे दोहींकडे समान. यालाच गणनेतील ‘धृति’ म्हणावे. स्वतःच्या रक्षणाचा विचार मागे पडतो, म्हणून ‘त्याग’ही दोहींकडे आहे.

भेद कोठे आहे, तेही स्वच्छ पाहिले पाहिजे. खिंडीत एकाचे रक्षण दुसऱ्यांच्या मृत्यूने झाले. ते गृहस्थाचे, स्वामिसेवकाचे कर्तव्य होते आणि ते प्राण देऊन पार पडले. तथापि रणातील हिंसा हेतू थोर म्हणून अहिंसा होत नाही. सशाच्या लीळेत अभय सशाला मिळाले, आणि पारध्यांनाही मिळाले. त्यांच्यावर क्रोध झाला नाही, त्यांचा धिक्कारही झाला नाही. जे एकालाच निर्भय करते ते अभय अपुरे. ज्यापासून कोणालाच भय उरत नाही ते पूर्ण. असे पूर्ण अभय हेच अहिंसेचे दुसरे नाव होय.

येथून शंकेचे समाधान निघते. निर्भयता असुरांपाशीही असते. हिरण्यकशिपू कोणास भीत नव्हता. त्याच्या ठिकाणी ती दर्प झाली, आणि दर्पाची गणना त्याच अध्यायात आसुरी संपत्तीत आहे. तसेच हात न उगारणे हे भ्याडाच्या ठिकाणीही दिसते. ती अहिंसा नव्हे, असामर्थ्य होय. म्हणून अभयाची परीक्षा अहिंसेने करावी आणि अहिंसेची अभयाने. एकीवाचून दुसरी खरी की खोटी, हे ओळखता येत नाही.

साधकाने हा विचार स्वतःच्या आचाराला लावून पाहावा. गावात दुबळ्यावर अन्याय होत असता आपण गप्प राहतो, ते शांतीमुळे की भयामुळे? आणि बोलतो तेव्हा समोरच्याचेही हित मनात असते, की केवळ आपला राग बोलतो? खिंडीतील पुरुषाकडून न हलणे शिकावे. शस्त्रावाचून कसे उभे राहावे, हे मात्र सशाच्या लीळेतून शिकावे. आणि इतके साधल्यावरही ‘मी केले’ हा ताठा येऊ देऊ नये. कारण गणनेचा शेवट नातिमानितेने झाला आहे.