आमचा कडेगांव तालुका

इंग्लंडांतील केंट परगण्यास तेथील फळबागांमुळें ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु पायांखालच्या भूमीची ओळख थोड्यांसच असते. ह्यास्तव कडेगांव तालुक्याची थोडी माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मुलूख पूर्वीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला. त्यासच १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. कडेगांव तालुका पुढें खानापूर तालुक्यांतून वेगळा निघाला.

पावसाळी ढग सह्याद्रीवरच बहुतेक रिते होतात; म्हणून येथें पाऊस थोडा. खटावाकडून येणारी येरळा नदी ब्रह्मनाळास कृष्णेला मिळते. पण पावसाळा सरला कीं तिचें पात्र आटत जातें. कृष्णा जवळ खरी. परंतु तिचें पाणी खालीं आणि आमची जमीन वर! कोरडवाहू शेतीवर निर्वाह होईना, तेव्हां ह्या भागांतील कित्येक कुटुंबें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं परप्रांतीं गेलीं. पुढें ताकारी व टेंभू ह्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें वर चढविलें आणि माळावर ऊस डोलूं लागला.

जें पाण्याचें, तेंच वनाचें. सागरेश्वराचे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते ह्यांच्या पुढाकारानें तेथें झाडें लाविलीं गेलीं, हरणें व सांबरें आणून सोडलीं, आणि १९८५ सालीं सुमारें ११ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्याच्या पायथ्याचें देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाण ह्यांचें जन्मगांव होय. १९६० सालीं तेच महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

कडेगांवचे मोहरमचे उंच ताबूत तर सर्वश्रुतच आहेत. ते ‘आधीं कळस, मग पाया’ अशा रीतीनें बांधितात, आणि त्यांत हिंदु व मुसलमान दोघेही मानकरी असतात. एकट्यादुकट्याचें हें काम नव्हे.

सारांश, ह्या तालुक्यास निसर्गानें थोडें दिलें. बाकीचें माणसांनीं मिळून उभें केलें. परंतु जें श्रमानें मिळतें, तें हलगर्जीपणानें जातेंही. उपशाचें पाणी विजेच्या बळावर चढतें. तें पाटांतून वाहूं देणें म्हणजे गांवाचा पैसाच वाहूं देणें होय. विद्यार्थ्यांनीं घरच्या वडील माणसांस १९७२ च्या दुष्काळांत पाणी कोठून आणीत, हें अवश्य विचारावें व वहींत लिहून ठेवावें. आईबापांसही आमची विनंती आहे कीं, त्यांनीं तें सवडीनें सांगावें. भूगोलाचा हा धडा कोणत्याही छापील पुस्तकांत मिळणार नाहीं.