दवाखान्यातील नोंदींचे रक्षण : बाह्य हार्ड डिस्कची निवड व वापर



अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत व क्षारपाणि हे पुनर्वसू आत्रेयांचे सहा शिष्य आपण पहिल्या वर्षी पाठ केले. सहाही जणांनी तंत्रे रचली. त्यांपैकी अग्निवेशतंत्र चरकाच्या प्रतिसंस्काराने आपल्यापर्यंत आले, तेही अपूर्ण. १२० पैकी ४१ अध्याय दृढबलाने भरून काढले, म्हणून ग्रंथ पुरा दिसतो. भेलसंहिता तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित हस्तलिखिताच्या आधारे १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने छापली. काश्यपसंहितेचे नशीब असेच. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांना लाभलेल्या तुटक ताडपत्रांवरून ती १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागरने प्रसिद्ध केली. बालरोगांच्या या ग्रंथातील जी पाने तेव्हा नव्हती, ती आजही नाहीत. बाकीच्या तंत्रांची टीकाकारांनी उद्धृत केलेली वचने तेवढी उरली. ग्रंथ वाईट होते म्हणून ते गेले असे नव्हे. प्रती थोड्या होत्या, आणि होत्या त्या एकाच ठिकाणी होत्या.

हार्ड डिस्कसारख्या विषयाला संहितांची प्रस्तावना का, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण माझ्या घरात घडले. माझे वडील बाळापुरात चाळीस वर्षे वैद्यकी करीत. त्यांच्या अनुभूत योगांचे एक बाड होते. पाठ, मात्रा, अनुपान आणि समासात रुग्णाला आलेला गुण. ते गेल्यानंतर मी त्याची पाने स्कॅन करून एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवली आणि बाड माळ्यावर. दोन पावसाळ्यांत माळ्यावर वाळवी लागली. मूळ गेले तरी स्कॅन आहेत या समाधानात मी होतो. पुढच्या मे महिन्यात दुपारी तीच डिस्क संगणकाला जोडलेली असताना टेबलावरून खाली पडली. आतून टकटक असा आवाज येऊ लागला. अकोल्यातील एका दुरुस्तीकाराने ती उघडून पाहिली, आणि नंतर समजले की धूळविरहित कक्षाबाहेर डिस्क उघडणे हाच तिचा शेवट असतो. सुमारे तीनशे पानांपैकी एकशे दहा पाने एका मित्राला पूर्वी ई-मेलने पाठविली होती, तेवढी हाती राहिली. कासश्वासाचा भाग त्यात नाही.

असा प्रसंग सभासदांवर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही; परंतु औषध घेताना जसे द्रव्यपरीक्षण करतो, तसे या यंत्राचे करता येते.

किती जागा लागते?

खरेदीपूर्वी आपली गरज मोजावी. दिवसाला ४० रुग्ण, वर्षात ३०० दिवस, प्रत्येक केसपेपरची दोन छायाचित्रे व प्रत्येकी ३ एमबी असे धरल्यास वर्षाला २४,००० छायाचित्रे, म्हणजे ७२ जीबी होतात. दहा वर्षांचे ७२० जीबी. टॅलीचा हिशेब व रुग्णनोंदीच्या सॉफ्टवेअरची फाइल याच्या तुलनेत नगण्य असते. जागा खातात ती चलच्चित्रे. मोबाइलवरील पंचकर्माचे दहा मिनिटांचे चित्रण सहज एक जीबी होते. घरातील लग्नकार्यांचे चित्रण त्याच डिस्कवर जात असेल, तर तो हिशेब वेगळा करावा. एकट्या वैद्याच्या दवाखान्यास २ टीबी पुरतात. फार्मसी, घर व दवाखाना एकत्र असल्यास ४ किंवा ५ टीबी घ्यावेत. त्याहून मोठी डिस्क स्वस्त पडते म्हणून घेणे हे मला पटत नाही. मोठ्या एका डिस्कपेक्षा मध्यम आकाराच्या दोन डिस्क केव्हाही चांगल्या.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. ४ टीबीची डिस्क जोडल्यावर विंडोजमध्ये ३.६३ टीबीच दिसतात आणि दुकानदाराने फसविले असे वाटते. तसे नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. मण जुना की नवा, एवढाच तो वाद आहे.

खरी फसवणूक निराळीच. १६ टीबीची खिशात मावणारी डिस्क दीड-दोन हजारांत, अशा जाहिराती ऑनलाइन दिसतात. त्यांत आत लहानशी मेमरी असते व ती संगणकाला खोटी क्षमता सांगते. भरेपर्यंत काही कळत नाही. नंतर जुन्या फाइलींवर नव्या लिहिल्या जातात. नवीन डिस्क घेतल्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून वाचून पाहावी. काही टीबीच्या डिस्कला एक रात्र किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, परंतु कच्चा माल तपासल्याखेरीज आपण कोठीत घेत नाही, तसेच हे.

छोटी की मोठी?

बाह्य हार्ड डिस्क मुख्यतः दोन आकारांत मिळतात. अडीच इंची छोटी डिस्क यूएसबी केबलमधूनच वीज घेते व साधारण ५ टीबीपर्यंत सर्रास मिळते. साडेतीन इंची मोठीला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लागतो. तिची क्षमता २० टीबींच्याही पुढे जाते व प्रत्येक टीबीमागे ती स्वस्त पडते. शहरी लेखांतून मोठीची शिफारस आढळते. वऱ्हाडात मात्र विजेचा विचार आधी करावा लागतो. वीज गेली की अ‍ॅडाप्टरवरील डिस्क त्याच क्षणी बंद पडते, लिहिणे अर्धवट राहते व काही वेळा संपूर्ण डिस्कची अनुक्रमणिका बिघडते. लॅपटॉपला जोडलेली छोटी डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरे करते. म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यास मी छोटीच सुचवितो. मोठी घ्यायचीच असेल तर यूपीएसविना जोडू नये.

छोटीचे दोष सांगितले पाहिजेत. अनेक छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड मूळ सर्किटवरच जोडलेले असते. ते मोडले तर डिस्क दुसऱ्या पेटीत घालून वाचता येत नाही. म्हणून केबल ओढून काढणे, लटकत ठेवणे हे अपथ्य समजावे. दुसरे असे की जास्त क्षमतेच्या छोट्या डिस्क बहुधा 'शिंगल्ड' पद्धतीच्या असतात. कौलारू छपरावर जसे एक कौल दुसऱ्यावर थोडे चढविलेले असते, तशा त्यांतील लेखनाच्या रेषा एकमेकींवर चढविलेल्या असतात. मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. तद्वत जुन्या फाइलींत वारंवार बदल केल्यास डिस्क फार मंदावते. एकदा लिहून ठेवून देण्यास ती उत्तम. रुग्णनोंदीचे चालू सॉफ्टवेअर तिच्यावरून चालवू नये.

एसएसडी घ्यावी काय, हा प्रश्न सभासद वारंवार विचारतात. तीत फिरणारा भाग नाही, त्यामुळे पडल्याने ती सहसा बिघडत नाही व वेगही कितीतरी अधिक. रोजच्या कामाला अवश्य घ्यावी. परंतु तीतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते व विजेविना दीर्घकाळ पडून राहिल्यास, विशेषतः उष्ण जागी, तो भार ओसरू शकतो. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत म्हणून ती मला भरवशाची वाटत नाही. शिवाय तेवढ्याच जागेला किंमत बरीच अधिक.

उष्णता, धूळ व कंप

अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतील कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. हे वाचून अकोला-बाळापूरच्या वाचकास हसू यावे. मे महिन्यात आपला पारा ४५ पार करतो आणि पत्र्याखालील खोली संध्याकाळपर्यंत तापलेली असते. बंद अवस्थेत डिस्क बरीच अधिक उष्णता सोसते. चालू अवस्थेत नाही. म्हणून उन्हाळ्यात बॅकअप पहाटे, खोली थंड असताना घ्यावा व काम होताच डिस्क काढावी. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये. दमट वारा धातूला मानवत नाही. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर डिस्क विसरणे म्हणजे पुटपाकच.

फार्मसीधारकांनी आणखी एक पाहावे. चूर्णयंत्राच्या खोलीत किंवा तिच्या भिंतीलगत संगणक असतो, कारण बॅचचे आकडे तेथेच भरावयाचे असतात. वस्त्रगाळ चूर्णाची धूळ डिस्कच्या सांध्यांत व पंख्यात बसते, आणि यंत्राचा कंप फिरत्या तबकडीवरील वाचनशिरास सहन होत नाही. डिस्क दुसऱ्या खोलीत नेऊन जोडावी. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील 'शेड्यूल टी' प्रमाणे प्रत्येक बॅचची नोंद ठेवणे आपणांस बंधनकारक आहे, आणि जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. यंत्राच्या थरथरीने ती गेली हे उत्तर निरीक्षकापुढे चालत नाही.

प्रती किती व कोठे?

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला ३-२-१ नियम आज सर्वत्र मानला जातो : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत वास्तूबाहेर. माझ्याकडे एकाच डिस्कवर एकमेव प्रत होती, आणि तिलाच मी बॅकअप म्हणत होतो. मूळ नष्ट झाले त्या दिवशी तो बॅकअप राहिला नाही. हे मला तेव्हा उमगले नाही.

वास्तूबाहेर का, हे बाळापूरकरास निराळे सांगावयास नको. मन व म्हैस यांच्या संगमावरील आपल्या किल्ल्याला मोठ्या पुरात पाण्याचा वेढा पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. टेबलावरचा संगणक आणि खणातील डिस्क यांना पूर एकदमच गाठतो. आमची एक प्रत दवाखान्यात, दुसरी घरी व तिसरी सुमारे २५ किलोमीटरवर अकोल्यास बहिणीकडे असते. दर तीन महिन्यांनी बहिणीकडील प्रत आणून घरची तेथे जाते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या घेऊ नयेत. एका बॅचमधील दोष दोन्हींत असू शकतो. हे औषधनिर्मात्यांस तरी पटावे.

काम झाल्यावर डिस्क संगणकापासून काढण्याचे आणखी एक कारण आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली; ब्रिटनच्या रुग्णालयांतील कामकाजही त्याने ठप्प झाले. असे प्रोग्रॅम त्या वेळी जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलीही बंद करतात. कपाटातील डिस्कला ते पोहोचू शकत नाहीत. इंटरनेटवरील मोफत जागा, उदाहरणार्थ गूगलची १५ जीबी, सर्व छायाचित्रांस पुरत नाही, पण पाठ, हिशेब व रुग्णांची सूची यांस पुरते. तेवढे तेथे ठेवावे.

रुग्णाची माहिती ही आपल्याकडील ठेव आहे. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्डयुक्त कुलूप असावे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' आहे, इतरांस 'व्हेराक्रिप्ट' मोफत मिळते. पासवर्ड विसरल्यास माहिती परत मिळविण्याचा मार्ग नाही, म्हणून तो कागदावर लिहून सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा व पत्नीस वा मुलास त्याची कल्पना द्यावी.

वाचता येईल काय?

या भागाकडे कोणीच लक्ष देत नाही. २००० नंतरच्या दहा वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटांत लेख, पाठ व पत्रके टंकित केली. त्या फाइली डिस्कवर सुखरूप असतात; उघडल्यावर मात्र इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची भेळ दिसते, कारण तो फाँट नव्या संगणकावर नसतो. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, रूपांतरानंतर जोडाक्षरे व मात्रांचे आकडे मूळाशी ताडून पाहावेत आणि एक पीडीएफ सोबत ठेवावी. एका पाठात रत्तीचे माप रूपांतरात चुकलेले मी स्वतः पाहिले आहे. बचनाग असलेल्या योगात अशी चूक किती महागात पडेल हे सांगणे न लगे.

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरबाबतही हेच. नुसता डेटा घेऊन भागत नाही. ते सॉफ्टवेअर बंद पडल्यास नोंदी एक्सेलमध्ये काढता येतात काय, हे विक्रेत्याकडून आजच करवून पाहावे.

डिस्क किती वर्षे टिकते याला निश्चित उत्तर नाही. हजारो डिस्क वापरणाऱ्या 'बॅकब्लेझ' या अमेरिकन कंपनीच्या प्रसिद्ध आकडेवारीत वर्षाला शंभरात साधारण एक ते दोन बंद पडतात, आणि त्या तर वातानुकूलित कक्षातील. वॉरंटीमध्ये कंपनी डिस्क बदलून देते, त्यातील माहिती नव्हे. मी डिस्कवर खरेदीची तारीख चिकटवितो व पाच वर्षांनी नवी घेतो; जुनी जादा प्रत म्हणून राहते. गुढीपाडव्याला व दसऱ्याला प्रत्येक डिस्कमधील दहा-पंधरा फाइली, निरनिराळ्या वर्षांच्या, दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहतो. गेल्या दसऱ्यास वडिलांच्या बाडातील एकशे दहा पाने तिन्ही डिस्कवर उघडली. ती छापील रूपात काढून तीन वैद्यमित्रांकडेही दिली आहेत. वडिलांकडून कासश्वासाचे पाठ कोणा सभासदाने उतरून घेतले असल्यास त्यांनी संपादकांमार्फत कळवावे.